फ्लॅग, ध्वज की बावटा?

ऐरोलीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. वापरणाऱ्याने टाइप केलेल्या ओळीतले फ्लॅग, म्हणजे प्रोग्रामने कसं चालायचं ते सांगणारे डॅशने सुरू होणारे शब्द, ओळखणारी एक छोटी लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) त्यांनी लिहिली आहे आणि तिची माहिती त्यांना मराठीत द्यायची आहे. ‘फ्लॅग’ला ध्वज म्हणावं का? आणि ‘पार्स करणे’ला काय म्हणायचं?

ताई, ध्वज नको. ध्वज फडकवतात, त्याला वंदन करतात. तुमच्या टीममध्ये मात्र ‘व्हर्बोज लाव आणि परत रन कर’ असंच बोलत असतील (व्हर्बोज म्हणजे प्रोग्रामला जास्त तपशील दाखवायला सांगणारा फ्लॅग). फ्लॅग ‘लावतात’, आणि या लावण्याला मराठीत आधीपासून एक शब्द आहे. समुद्र खवळला की पेपरात येतं, ‘बंदरात धोक्याचा तीन नंबरचा बावटा लावला’. बावटा मानासाठी नसतो, कळवण्यासाठी असतो. कितव्या नंबरचा लागलाय, त्यावरून होडी काढायची की नाही ते ठरतं. दिवाळे कोळीवाड्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. म्हणून पहिल्यांदा ‘फ्लॅग, म्हणजे प्रोग्रामला इशारा देणारा बावटा’ असं लिहा आणि पुढे सरळ फ्लॅगच ठेवा. शब्द पुल्लिंगी: तो फ्लॅग, फ्लॅगला, फ्लॅगचा. टेबलाचं ‘टेबलावर’ झालं, तसं ‘फ्लॅगाला’ अजून कुणाच्या तोंडी नाही.

‘ऑप्शन’साठी सर्रास ‘पर्याय’ लिहितात, ते मला पटत नाही. पर्याय म्हणजे याऐवजी ते. --आउटपुट (यापुढे निकाल ज्या फायलीत लिहायचा तिचं नाव देतात) कशाच्याही ऐवजी येत नाही. ‘मूल्य घेणारा फ्लॅग’ म्हणा.

पार्सचं उत्तर तर आपल्या शाळेच्या वहीतच आहे: ‘अधोरेखित शब्दांचे व्याकरण चालवा’. शब्दाची जात कोणती, वाक्यातल्या कुणाशी त्याचा संबंध काय, हे सांगायचं. इंग्रजी व्याकरणात पार्स करणं म्हणजे हेच, संगणकात तो शब्द तिथूनच आला. तुमची लायब्ररी दोन कामं करते, त्यांना दोन वेगळे शब्द द्या. ‘-एलए’चे ‘-एल’ आणि ‘-ए’ असे दोन फ्लॅग करणं ही फोड, संधीची करतो तशी. पण ‘--आउटपुट अहवाल’ आणि ‘--व्हर्बोज अहवाल’ या दोन ओळी घ्या. पहिलीत ‘अहवाल’ हे फ्लॅगचं मूल्य आहे, दुसरीत ती स्वतंत्र फाइल आहे. नुसत्या दिसण्यावरून हे कळत नाही. कोणता फ्लॅग मूल्य घेतो हे लायब्ररीला आधी सांगावं लागतं, मगच ती ठरवते. हे व्याकरण चालवणं. नुसते दोन डॅश (--) आले की पॉझिक्सच्या, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या मानकाच्या, नियमाप्रमाणे फ्लॅग संपले. पुढचा शब्द डॅशने सुरू झाला तरी त्याला फ्लॅग मानायचं नाही. हा नियम माहितीत जरूर लिहा, नाहीतर डॅशने सुरू होणाऱ्या नावाच्या फायलीपाशी लोक अडतात.

वाक्यात मात्र ‘पार्स करणे’ बिनधास्त वापरा, रोजच्या बोलण्यातलं आहे.

आणि एररचे मेसेजही मराठीत करणार असाल, तर ‘अवैध ध्वज’ असं काही नको. ‘--व्हर्बोस हा फ्लॅग ओळखता आला नाही. --व्हर्बोज म्हणायचंय का?’ किंवा ‘--आउटपुटनंतर फायलीचं नाव हवं’ असं लिहा.