फेसाळ वाइनचा उत्पादक पारखताना

प्रश्न : सोलापुरात होटगी रस्त्यावर आमचे छोटे हॉटेल असून वाइन व बिअर देण्याचा परवाना आमच्याकडे आहे. लग्नसराईत आणि वर्षअखेरीस स्पार्कलिंग वाइनची मागणी वाढल्याने एकाच उत्पादकाचा माल कायम ठेवावा, असा आमचा विचार आहे. तीन कंपन्यांचे प्रतिनिधी येऊन गेले. प्रत्येकाने आपली सर्वांत महाग बाटली चाखवली आणि तिन्ही आम्हाला चांगल्याच वाटल्या. उत्पादकाची शैली, दर्जा आणि त्याच्या वाइनची रेंज यांचा अंदाज नेमका कशावरून बांधावा?
– एक हॉटेल व्यावसायिक, सोलापूर

उत्तर : तिन्ही बाटल्या आपणास चांगल्या वाटल्या यात नवल नाही, कारण कोणताही प्रतिनिधी कंपनीने सर्वांत जपून केलेली वाइनच बरोबर घेऊन फिरतो. आपल्याकडे वर्षभर खपणार आहे ती मात्र त्याच कंपनीची साधी ब्रूट, म्हणजे कमी साखरेची नेहमीची फेसाळ वाइन, आणि उत्पादकाची ओळख तिच्यातूनच पटते. शेंगाचटणीचे दुकान आपण भेट देण्यासाठी बांधलेल्या खोक्यावरून ठरवत नाही, रोज कुटल्या जाणाऱ्या चटणीवरून ठरवतो. इथेही तोच न्याय लावावा. तेव्हा प्रत्येक कंपनीची साधी ब्रूट मागवावी, तीही दोन वेगवेगळ्या बॅचची. त्यांतील एक बाटली प्रतिनिधीकडून न घेता बाजारातील दुकानातून आणावी, हे उत्तम.

दोन बॅच कशासाठी, हे थोडे सविस्तर सांगायला हवे. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात ज्या बाटलीवर द्राक्षाचे वर्ष छापलेले नसते, तिच्यात बहुधा एकाहून अधिक वर्षांच्या वाइन मिसळलेल्या असतात. तिथल्या थंड हवेत एखाद्या वर्षी द्राक्षे नीट पिकत नाहीत, म्हणून चांगल्या वर्षांची वाइन राखून ठेवायची आणि नव्या वाइनमध्ये घालून चव दरवर्षी जवळजवळ सारखी ठेवायची, अशी रीत तिथे पडली. बोलँजे या घराण्यात तर अशी राखीव वाइन मॅग्नम, म्हणजे दीड लिटरच्या, बाटल्यांत बुचाखाली वर्षानुवर्षे सांभाळली जाते. आपल्याकडे थंडीची अडचण नसली तरी पावसाची आणि उन्हाची आहे, त्यामुळे दोन हंगामांची द्राक्षे सारखी येत नाहीत. एका बॅचमध्ये लिंबाची आणि हिरव्या सफरचंदाची तरतरी असेल आणि पुढच्या बॅचमध्ये तीच वाइन बोथट व गोडसर लागत असेल, तर त्या उत्पादकाचे मिश्रणावर नियंत्रण नाही, असे समजावे. माझ्या मते उत्पादकाबद्दल एवढे काही सांगणारी दुसरी कसोटी नाही.

आता शैली आणि दर्जा यांविषयी. या दोन गोष्टींची गल्लत फार होते. कोणते द्राक्ष घ्यायचे, ते केव्हा तोडायचे, फेस आणणारे दुसरे किण्वन (आंबवणे) बाटलीत करायचे की टाकीत, वाइन यीस्टच्या गाळावर किती महिने ठेवायची आणि शेवटी साखर किती घालायची, हे उत्पादकाने घेतलेले निर्णय म्हणजे त्याची शैली होय. त्या निर्णयांना वाइन किती उतरली, म्हणजे ती स्वच्छ आहे का, आंबटपणा, गोडवा आणि फेस यांचा मेळ बसला आहे का, घोट गिळल्यावर चव किती वेळ टिकते, यावर दर्जा ठरतो. बोलँजेची शॅम्पेन पिनो न्वार या काळ्या द्राक्षाचा मोठा वाटा आणि लाकडी पिंपांचा वापर यांमुळे भारदस्त लागते, तर १७२९ साली स्थापन झालेल्या रुइनार घराण्याची केवळ शार्डोने द्राक्षाची वाइन हलकी आणि तजेलदार असते. दोघांत उजवे-डावे करण्याचा प्रश्नच येत नाही. इटलीची प्रोसेक्को सहसा दाबाच्या टाकीत बनते आणि तिच्यातला पेअरचा, फुलांचा ताजा गंध टिकावा म्हणूनच ती तशी बनवतात. तिच्यात ब्रेडसारखा खमंग वास नाही अशी तक्रार करणे म्हणजे तिच्या उत्पादकाने जे करायचे ठरवलेच नव्हते, त्याबद्दल त्याला दोष देणे होय.

प्रतिनिधीला विचारायचा पहिला प्रश्न पद्धतीचा. पारंपरिक पद्धतीत तयार, बिनफेसाच्या वाइनमध्ये दर लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर व यीस्ट घालून बाटली बंद करतात. त्या साखरेचे किण्वन होऊन बाटलीत सुमारे ६ वातावरणांइतका दाब तयार होतो आणि मद्यार्क एक-सव्वा टक्क्याने वाढतो. पुढे मेलेल्या यीस्टचा गाळ बाटलीतच राहतो, हळूहळू विरघळत जातो आणि ताज्या पावाची, भाजलेल्या सुक्या मेव्याची चव देतो. म्हणून दुसरा प्रश्न : गाळावर किती महिने? शॅम्पेनमध्ये वर्ष न छापलेल्या वाइनला बाटलीत किमान १५ महिने ठेवावे लागते आणि त्यांपैकी १२ महिने गाळावर. वर्ष छापायचे असेल तर ही मुदत ३ वर्षे होते. स्पेनच्या कावा या फेसाळ वाइनला किमान ९ महिने पुरतात, इटलीच्या फ्रांचाकोर्ता या फेसाळ वाइनला १८ लागतात. भारतीय बाटलीवर हा आकडा क्वचितच दिसतो, पण कंपनीला तो ठाऊक असतोच. तिसरा प्रश्न गाळ काढल्याच्या तारखेचा. गाळ काढून नवे बूच बसवल्यावर वाइन वेगळ्या गतीने जुनी होऊ लागते, त्यामुळे साधी ब्रूट त्यानंतर दोन-तीन वर्षे गोदामात पडून असेल तर तिच्यावरून उत्पादकाचा निकाल लावणे योग्य नाही. या तीन प्रश्नांची उत्तरे प्रतिनिधीकडे नसतील आणि तो ती कंपनीकडून मागवूनही देत नसेल, तर तेही एक उत्तरच समजावे.

साखरेकडेही लक्ष असू द्यावे. युरोपातील नियमांनुसार ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी, एक्स्ट्रा ब्रूटमध्ये ६ ग्रॅमपर्यंत आणि ब्रूट नेचरमध्ये ३ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. एक्स्ट्रा ड्राय असे लिहिलेली बाटली मात्र १२ ते १७ ग्रॅमची, म्हणजे ब्रूटहून गोड असते, आणि याचा घोळ लग्नाच्या मेजवानीत नेहमी होतो. गोडवा हा दोष नव्हे. पण पोकळ किंवा कच्च्या द्राक्षांची कडवट वाइन साखरेने झाकता येते, आणि ते झाकण गारव्यात सहसा उघडे पडत नाही. यासाठी पहिला घोट ८ ते १० अंशांवर घ्यावा, मग पेला अर्धा तास तसाच ठेवून पुन्हा चाखावे. जी वाइन किंचित कोमट झाल्यावरही चिकट किंवा कडू लागत नाही, तिच्या उत्पादकाने काम नीट केले आहे.

चाखताना बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर क्रमांक घालावेत आणि फ्लूट या उंच, अरुंद पेल्याऐवजी पांढऱ्या वाइनचा पेला वापरावा, कारण फ्लूटमध्ये गंध कळत नाही. बुडबुड्यांची रांग पाहून मात्र फसू नये. रान्स विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी दाखवून दिले आहे की, पेल्यातील बुडबुडे मुख्यतः पुसण्याच्या कापडाचे अथवा हवेतून आलेले सूक्ष्म तंतू जिथे चिकटलेले असतात, तिथून उठतात. म्हणजे पेला कसा पुसला यावर ही रांग बरीचशी अवलंबून असते, आणि साबणाचा अंश राहिला तर उत्तम वाइनचाही फेस बसतो. फेस तोंडात जोखावा. तो मऊ आणि भरीव असेल तर किण्वन सावकाश झाल्याचे लक्षण मानतात. सोड्यासारखा टोचून लगेच विरला तर नुसता वायू सोडून काम भागवल्याची शंका घ्यायला हरकत नाही.

एक गोष्ट सोलापूरची म्हणून सांगतो. इथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि गोदामातून दुकानात येणारा माल नेहमी थंड वाहनातून येतोच असे नाही. उष्णता लागलेल्या फेसाळ वाइनला शिजवलेल्या सफरचंदासारखा वास येतो व फेस मंदावतो; शुभ्र काचेची बाटली नळीच्या दिव्याखाली ठेवली असेल तर कोबी उकडल्यासारखा वासही येऊ शकतो. हे दोष वाहतुकीचे आणि साठवणीचे आहेत, उत्पादकाचे नव्हेत. त्यामुळे पारखण्याचे काम हिवाळ्यात करावे, आणि उन्हाळ्यात माल कसा पोहोचवणार, हे करारापूर्वीच लिहून घ्यावे.

राहिला प्रश्न रेंजचा. दहा प्रकारच्या बाटल्या असणे हा काही मोठेपणा नाही. शॅम्पेनमधील सालों हे घराणे एकच वाइन करते, एकाच गावची, एकाच द्राक्षाची, आणि तीही केवळ निवडक वर्षी. अख्ख्या विसाव्या शतकात त्यांनी ती ३७ वेळा काढली. पाहायचे ते एवढेच की, श्रेणीतील प्रत्येक बाटली असण्याला कारण आहे का, आणि त्या एकाच घरच्या वाटतात का. रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, घेतली तर ती लाल वाइन मिसळून केली आहे की सालींच्या संपर्काने, हे विचारावे. दोन्ही रीती मान्य आहेत, पण केवळ रंग गुलाबी आणि चव साध्या ब्रूटचीच असेल, तर ती बाटली विक्री विभागाने मागितलेली आहे. महाग बाटली साध्या बाटलीपेक्षा वेगळी लागायला हवी. केवळ जड काच आणि सोनेरी कागद यांसाठी दुप्पट पैसे मोजण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राला ही वाइन नवी नाही. १९८०च्या दशकात नारायणगावला इंडाज कंपनीने पारंपरिक पद्धतीची फेसाळ वाइन करून ती निर्यातही केली होती. आज नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीत शॅन्दोंची वाइनरी आहे, सुला आणि यॉर्क नाशिकलाच आहेत, आणि आपल्या जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात फ्रातेल्लीच्या बागा आहेत. यांपैकी कोणाचा माल ठेवावा हे मी सांगणार नाही. अकलूज आपल्यापासून काही तासांच्याच अंतरावर आहे आणि जानेवारी-फेब्रुवारीत तोडणीच्या दिवसांत बाग व कोठार स्वतः पाहिले तर जे कळते ते माहितीपत्रकातून कळत नाही, एवढे मात्र नक्की सांगतो.

प्रश्न : आमची नान्नजला थॉमसन आणि सोनाकाची बाग आहे. फेसाळ वाइनला कमी पिकलेली द्राक्षे लागतात, असे वाचले. मग आमचा माल वाइनरीला का चालत नाही?
– एक द्राक्षबागायतदार, नान्नज

उत्तर : कमी पिकलेली याचा अर्थ कच्ची, असा घेऊ नये. बिनफेसाच्या वाइनसाठी २१ ते २४ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स हे रसातील साखरेचे माप) थांबतात, तर फेसाळ वाइनची द्राक्षे १७ ते १९ ब्रिक्सला तोडतात, कारण दुसऱ्या किण्वनात मद्यार्क आणखी वाढणार असतो आणि आंबटपणा टिकवायचा असतो. आपली सोनाका, जी नान्नजच्याच नानासाहेब काळे यांनी थॉमसनमधून निवडली, ती खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी घडवलेली आहे. जीए (जिबरेलिक अॅसिड) या वाढ-संजीवकाच्या फवारण्या आणि विरळणी करून मणी लांब व फुगीर केला की रस वाढतो. मात्र सालीचे प्रमाण घटते आणि या द्राक्षाचा मूळचा गंधही सौम्यच असतो. भारतात फेसाळ वाइनसाठी शेनिन ब्लांक हे द्राक्ष जास्त पसंत केले जाते, कारण उष्ण हवेतही त्याची आम्लता बऱ्यापैकी टिकते.

उत्पादकाचा दर्जा तपासणाऱ्या वाचकांनाही इथे एक धागा मिळेल. ऑक्टोबर छाटणीचा माल जानेवारीनंतर तयार होतो, त्या वेळी दिवसाचे तापमान चढत असते आणि आम्लता दिवसागणिक उतरते. चांगला उत्पादक भल्या पहाटे, हाताने आणि उथळ क्रेटमध्ये तोडणी करतो व घड न चुरता सबंध दाबतो. शॅम्पेनमध्ये ४,००० किलो द्राक्षांपासून केवळ २,५५० लिटर रस घेण्याची मुभा आहे. त्यातही पहिले २,०५० लिटर उत्तम मानतात आणि नंतरचे ५०० लिटर वेगळे ठेवतात. आपल्या जवळच्या वाइनरीत गेलात तर शेवटच्या दाबाचा रस कुठे जातो, हे अवश्य विचारावे. बागायतदाराने विचारलेल्या या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर देणे त्यांना अवघड जाते.

प्रश्न : बाटलीवर पदकांची चिकटपट्टी असेल तर ती वाइन चांगलीच समजावी काय?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : स्पर्धा कोणती, हे आधी पाहावे. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या आश्रयाखाली होणाऱ्या स्पर्धांत एकूण नमुन्यांपैकी ३० टक्क्यांहून अधिक वाइनना पदके देता येत नाहीत, त्यामुळे त्या पदकाला वजन आहे. काही स्पर्धांत अशी मर्यादा नसते आणि प्रवेशशुल्क मात्र भरपूर असते. शिवाय वर्ष न छापलेल्या बाटलीला मिळालेले पदक एका विशिष्ट बॅचचे असते, तर पट्टी पुढच्या बॅचवरही चिकटलेली राहते. पदकावरील वर्ष आणि बाटलीत भरल्याची तारीख यांत दोन वर्षांहून अधिक अंतर असेल, तर पदक विसरून इतर बाटल्यांबरोबर तिलाही वर्तमानपत्रात गुंडाळावे आणि मगच चाखावे.