लातूरमध्ये राहून ८ लाखांची जुनी मर्सिडीज घ्यावी का? सांभाळणं परवडेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहणं लातूरला, बजेट ९ लाख. २०१२ ची मर्सिडीज ई-२५० सीडीआय मिळतेय, १,०८,००० किलोमीटर चाललेली, मालक दुसरा, ८ लाख सांगतोय. महिन्यातून एक-दोनदा पुण्याला जाणं, बाकी गावातल्या गावात. घ्यावी का, आणि घेतली तर झेपेल का?

घ्या. पण ८ लाखांना नको, आणि खाली लिहिलेलं बघितल्याशिवाय तर अजिबात नको.

मी जालन्याचा, बियाण्यांचं दुकान आहे. २०१९ मध्ये आठ वर्षं जुनी जर्मन सेडान घेतली, ती आजही दारात उभी आहे आणि रोज चालते. तिच्यावर गेलेला रुपया न् रुपया वहीत लिहिलेला आहे. ती वही समोर ठेवूनच हे लिहितोय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. २०१० च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादेत लोकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, आठवत असेल. ६५ कोटींचा सौदा, म्हणजे सरासरी ४३ लाखांना एक गाडी. तशी गाडी आज सहा-आठ लाखांत मिळते. पण तिचा हेडलाइट फुटला तर दुकानदार ४३ लाखांच्या गाडीच्या हेडलाइटचेच पैसे मागतो. म्हणून ९ लाख बजेट म्हणजे साडेसहा लाखांची गाडी आणि अडीच लाख वेगळ्या खात्यात. मी ७ लाखांना घेतली आणि पहिल्या वर्षातच २ लाख १० हजार घातले: सगळी ऑइलं, गिअरबॉक्सचा फिल्टर, चार टायर, बॅटरी, पुढचे लोअर आर्म, बेल्ट, ब्रेक. पुढे वर्षाला सरासरी ८०-९० हजार लागतात. हा आकडा वाचून पोटात गोळा येत असेल तर चांगली नवी मध्यम गाडी घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

आपल्याकडे फसतात ते इथंच. सगळे पैसे गाडीत घालतात, पहिला मोठा खर्च आला की डुप्लिकेट पार्ट टाकतात, दुसरा आला की गाडी शेतातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जाते. उभ्या गाडीच्या बॉनेटमध्ये उंदीर शिरले की वायरिंगचा बोऱ्या वाजला. अशा ताडपत्रीखालच्या गाड्या स्वस्त मिळतात. त्यांच्या वाटेलाही जाऊ नका. दोन लाख किलोमीटर नियमित चाललेली आणि बिलं असलेली गाडी तीन वर्षं उभ्या असलेल्या गाडीपेक्षा कधीही बरी.

आता गाडी बघणं. मी पहिली पसंत केलेली गाडी एका यार्डात होती. आरशासारखी चकचकीत, आतून अत्तराचा वास. सौदा जवळजवळ झालाच होता. बरोबर आलेल्या मेकॅनिकने मागच्या सीटचा बेल्ट धरला आणि संपेपर्यंत बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती, फुटपट्टीने मारल्यासारखी सरळ. मग त्याने सीटखाली मोबाइलचा टॉर्च मारला. सीट ज्यावर सरकते त्या पट्ट्यांना लालसर गंज. पुरात बसलेली गाडी. बाहेरचा पट्टा धुता येतो, आत गुंडाळलेला कोणी धूत नाही. या गाड्यांचं बरंचसं वायरिंग आणि कंट्रोल मॉड्युल गालिच्याखाली असतात, तिथे एकदा पाणी शिरलं की दुखणी वर्षानुवर्षं एकेक करून वर येतात. तुम्हीही आधी बेल्ट ओढून बघा, मग रंगाकडे बघा.

मालकाला आदल्या संध्याकाळी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. सकाळी पोचलात की पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर काहीतरी लपवायचं आहे असं समजा. थंड असेल तर बॉनेट उघडा, दुसऱ्या कोणाला तरी स्टार्ट मारायला सांगा आणि कान द्या. तुमच्या गाडीच्या डिझेल इंजिनाची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाचे आतले भाग ताळमेळात फिरवणारी साखळी, मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळी पत्र्यावर घासल्यासारखा खरखर आवाज आला तर चेन आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर संपत आलेत. सगळं बदलायचं तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरीच मोठी. त्या आवाजाची गाडी कितीही कमी करून दिली तरी नको. या इंजिनाच्या सुरुवातीच्या गाड्यांचे इंजेक्टरही खराब निघाले होते आणि कंपनीने ते बदलून दिले होते, तेव्हा या गाडीत काय झालंय हे विचारा.

गिअर थंड असताना पार्किंगमधून ड्राइव्हमध्ये टाका. हलकासा खेचल्याची जाणीव चालेल, धक्का नको. मग निदान ३०-४० किलोमीटर चालवा, गरम झाल्यावर पुन्हा तेच करा. या गिअरबॉक्सचं ऑइल ठराविक काळाने बदलावंच लागतं. १,०८,००० झाल्यात म्हणजे एकदा बदलल्याचं बिल असायलाच हवं. 'लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं' असं कोणी सांगेल. ऐकू नका. एसी लावून गाडी वीस मिनिटं उन्हात उभी चालू ठेवा आणि गरमीचा काटा बघा. सगळ्या काचा, सनरूफ, सीटची बटणं दाबून बघा, लाजू नका.

मीटरवरच्या आकड्यावर नुसता विश्वास ठेवू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबरवरून जुन्या सर्व्हिसची नोंद सापडते, मालकाला बरोबर घेऊन जा आणि ती बघा. मालक यायला का-कू करू लागला तर तिथेच नमस्कार करून परत फिरा.

कागदांत दोन गोष्टी. २०१२ ची गाडी म्हणजे २०२७ मध्ये १५ वर्षं पूर्ण. त्यानंतर आरटीओत दाखवून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवावी लागते. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या खाजगी गाडीला ही फी ५,००० झाली, परदेशात बनून आलेल्या गाडीला ४०,०००, शिवाय पर्यावरण कर वेगळा. हे भाव करताना बोलून दाखवा. दुसरी गोष्ट, दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या. २०१५ मध्ये हरित लवादाने तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, तेव्हापासून त्या पडेल भावात इकडे विकायला येतात. गाडी चांगलीही असेल, पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर एवढं जोडलं की स्वस्ताई उरत नाही. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

विमा जरूर काढा, पण त्यावर फार विसंबू नका. इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापता पार्टचे पैसे देणारं कव्हर, सहसा मिळत नाही. साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबराच्या पार्टला निम्मेच पैसे, आणि गाडी १० वर्षांवर गेली की पत्र्यालाही निम्मेच.

आता सांभाळण्याचं. मराठवाड्यात या गाड्यांचे तीन शत्रू आहेत: ऊन, धूळ आणि बोअरचं पाणी. तिसऱ्याने माझे ६८ हजार घालवले. झालं असं की वाटेत एकदा कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) पाइप गळला. रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याने पाइप आवळला आणि तीन लिटर बोअरचं पाणी ओतून दिलं. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता, त्याचं काही चुकलं नाही. चुकलं माझं, कारण घरी आल्यावर ते काढून नवीन कूलंट भरायला हवं होतं आणि मी वर्षभर तसाच फिरलो. पुढच्या मे महिन्यात, १८ तारखेला परभणीला कृषी विद्यापीठाच्या खरीप मेळाव्याला निघालो आणि मंठ्याच्या पुढे काटा चढायला लागला. एसी बंद केला, तरी चढतच राहिला. बाभळीखाली गाडी लावून दीड तास बसलो. गाडी खोलली तर थर्मोस्टॅटवर गिझरच्या कॉइलवर जमतो तसला पांढरा, टणक थर. रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप सगळं नवीन. वेळेवर कूलंट बदललं असतं तर तीन हजारांत भागलं असतं. तेव्हापासून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरच्या चार बाटल्या कायम डिकीत असतात. तुम्हीही ठेवा.

गाडी कडुनिंबाखाली लावत असाल तर सावली छान, पण पानं आणि मोहोर काचेखालच्या जाळीत आणि सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्यांत साचतो. पावसाळ्यात तेच पाणी आत उतरतं. मिरगाच्या आधी एकदा ते साफ करून घ्यायचं, मी दरवर्षी हाताने करतो. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही नवीन दिसो, पाच-सहा वर्षं उन्हात भाजलेला टायर समृद्धीसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर १२० ने पळवायचा नसतो.

मेकॅनिकचं काय, हा तुमचा खरा प्रश्न आहे. मला संभाजीनगर ६० किलोमीटर आहे. शेंद्र्याच्या प्लांटमध्ये स्कोडा आणि ऑडी जोडल्या जात. माझा मेकॅनिक तिथे काही वर्षं लाइनवर होता, आता स्वतःचं गॅरेज चालवतो. लातूरहून एवढ्यासाठी संभाजीनगर परवडणार नाही. पण तुम्ही पुण्याला जाताच. तिथे फक्त या गाड्या करणारा एक खाजगी गॅरेजवाला गाडी घेण्याआधी शोधा, गाडी बघायलाही त्यालाच पैसे देऊन आणा. चार-पाच हजार जातील, ते सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे असतील. स्वतःचा स्कॅनर घ्या, आठ-दहा हजारांत या गाड्यांची सगळी मॉड्युल वाचणारा येतो. लाल दिवा लागला की कोड वाचायचा आणि फोटो पुण्याला पाठवायचा. पार्ट चेसिस नंबरवरूनच मागवा. बॉश, लेमफोर्डर, माले, झेडएफ हे कंपनीलाच माल पुरवतात, त्यांच्या स्वतःच्या खोक्यात तोच दर्जा बराच स्वस्त पडतो. रात्री पुण्यात ट्रॅव्हल्सच्या गाडीत पार्सल टाकलं की सकाळी जालन्यात उतरतं, लातूरलाही तशीच सोय होईल. लातुरातल्या ओळखीच्या मेकॅनिकला ब्रेक पॅड, फिल्टर, बुश करू द्या. गिअरबॉक्सला आणि इलेक्ट्रिकला मात्र हात लावू देऊ नका, तो कितीही जिवाभावाचा असला तरी.

एवढं करून मी ही गाडी का ठेवलीय? वडिलांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. दर तीन महिन्यांनी त्यांना पुण्याला दाखवायला न्यावं लागतं. आधीच्या गाडीत नगर येईपर्यंत त्यांना दोनदा उतरून उभं राहावं लागायचं. या गाडीत ते मागे आडवे होतात आणि वाघोलीला विचारतात, 'आलं का रे?' वहीतला खर्चाचा आकडा बघताना मला ते आठवतं.

तुमच्या गाडीबद्दल: थंड स्टार्टला आवाज नसेल, गिअर ऑइलचं बिल असेल आणि सर्व्हिसच्या नोंदी मीटरशी जुळत असतील तर साडेसहा लाखांपासून बोला, सातपर्यंत जा. चेनचं काम झाल्याचं बिल असेल तर सव्वासात. यातलं एक जरी नसेल तर दुसरी बघा, या मॉडेलच्या गाड्या बाजारात भरपूर आहेत. बघायला जाल त्या दिवशीचा थंड स्टार्टचा व्हिडिओ आवाजासकट इथे टाका, मी ऐकून सांगतो.