नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघात टेक्सास-फ्लोरिडाची मुलं कशी काय?

तुमचा प्रश्न असा: भाची लिंकनला नेब्रास्का विद्यापीठात शिकायला गेली, तिने फुटबॉल संघाची यादी पाठवली. यादीत खेळाडूंच्या नावांपुढे टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया इथली गावं. विद्यापीठ सरकारी, राज्याच्या नावाचं. मग संघात बाहेरची एवढी मुलं कशी, आणि ती येतात कुठून?

मी लिंकनपासून तासाभराच्या अंतरावर, ओमाहात राहतो. इथे शनिवारी दुसरा विषयच नसतो, त्यामुळे थोडं ऐकून, थोडं बघून जे कळलं ते सांगतो. त्या यादीत नुसतं गाव वाचू नका. शेजारच्या रकान्यात तो मुलगा कुठल्या जागी खेळतो ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. गाव आणि जागा एकत्र वाचली की अर्धं कोडं सुटतं. उरलेलं अर्धं कोचच्या ओळखीपाळखीत असतं.

(हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्याने आडवं पाडायचं, तो.)

आधी राज्य केवढं ते बघा. 2020 च्या जनगणनेत नेब्रास्काची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या आसपास भरली. म्हणजे अख्ख्या राज्यात पुणे शहराएवढीही माणसं नाहीत. व्यावसायिक फुटबॉलचा संघ राज्यात एकही नाही, त्यामुळे सगळी भक्ती विद्यापीठाच्या वाट्याला. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममध्ये साधारण 85 हजार माणसं बसतात आणि नोव्हेंबर 1962 पासून घरच्या प्रत्येक सामन्याची तिकिटं संपलेली आहेत. सामन्याच्या दिवशी ओमाहा आणि लिंकनखालोखाल राज्यातलं तिसरं मोठं 'शहर' म्हणजे ते स्टेडियम, असं इथे म्हणतात आणि ते हिशेबाने खरंही आहे.

एवढ्या थोड्या लोकांत देशात पहिला येणारा संघ उभा राहत नाही. या संघाने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं: 1970, 1971, 1994, 1995 आणि 1997. त्यांपैकी एकही संघ निव्वळ घरच्या मुलांचा नव्हता.

मला उदाहरण म्हणून मात्र विजेतेपद हुकलेला संघच जास्त आवडतो, 1983 चा. चेंडू फेकणारा आणि डाव चालवणारा क्वार्टरबॅक टर्नर गिल, टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा. चेंडू घेऊन पळणारा माइक रोझिअर न्यू जर्सीतल्या कॅम्डेनचा. तो आधी कॅन्ससमधल्या कॉफीव्हिलच्या दोन वर्षांच्या कॉलेजात खेळला आणि मग लिंकनला आला. त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइसमन पुरस्कार त्यालाच मिळाला. लांबवर पळत जाऊन चेंडू झेलणारा आयर्विंग फ्रायर, तोही न्यू जर्सीचा. चेंडू ज्यांच्या हातात जायचा ते हे तिघेही बाहेरचे.

आणि यांना वाट कोण करून देणार? पुढच्या रांगेत वाकून उभी असलेली सव्वाशे-दीडशे किलोंच्या घरातली धिप्पाड माणसं. त्या रांगेत होता डीन स्टाइनकुलर, नेब्रास्कातल्याच बर नावाच्या खेड्याचा. बरमध्ये शंभर माणसंही राहत नाहीत. शाळा शेजारच्या स्टर्लिंग गावात, आणि तिथल्या संघात अकरा नाही, आठच खेळाडू. इथल्या लहान शाळांना अकरा मुलं जमवता येत नाहीत, म्हणून त्या आठ जणांचा फुटबॉल खेळतात. त्याहून लहान असल्या तर सहा जणांचा. सहा जणांचा प्रकार तर जन्मालाच आला नेब्रास्कात, हेब्रन गावी, 1934 साली. स्टीफन एप्लर नावाच्या शिक्षकाने तो बसवला. अशा आठ जणांच्या शाळेतून आलेला स्टाइनकुलर 1984 मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत देशात दुसऱ्या क्रमांकाने उचलला गेला.

तर हा बारापैकी बारा सामने जिंकलेला संघ 2 जानेवारी 1984 च्या रात्री ऑरेंज बोलच्या सामन्याला मायामीत उतरला. समोर मायामी विद्यापीठ, आणि त्यांचा संघ जमवण्याचा हिशेब बरोबर उलटा. 1979 मध्ये तिथे आलेले कोच हॉवर्ड श्नेलेनबर्गर यांनी दक्षिण फ्लोरिडाभोवती मनातल्या मनात कुंपण घातलं आणि त्याला 'मायामी राज्य' म्हणायला लागले. या कुंपणाच्या आतला चांगला पोरगा बाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि बाहेर शोधायचं ते नड असेल तेवढंच. नड होती क्वार्टरबॅकची. तो बर्नी कोसार त्यांनी ओहायोतल्या बोर्डमनहून आणला.

सामन्यात नेब्रास्का मागे पडल्यावर गिलने चेंडू मुद्दाम जमिनीवर ठेवला आणि स्वतः दुसरीकडे पळाला. मायामीचे सगळे त्याच्या मागे, आणि खाली पडलेला चेंडू उचलून स्टाइनकुलर 19 यार्ड पळत थेट शेवटच्या रेषेपार! एरवी त्या जागेवरच्या माणसाच्या हाताला जन्मात चेंडू लागत नाही. पुढे नियम बदलून ही चाल बंद केली. शेवटी मात्र मायामीने 31-30 ने सामना मारला. शेवटी एका गुणाने मागे असताना एका गुणाची लाथ मारून बरोबरी साधता आली असती आणि विजेतेपद पदरात पडलं असतं, पण कोच टॉम ऑस्बॉर्न यांनी जिंकण्यासाठी दोन गुणांची चाल खेळली आणि गिलचा पास मायामीच्या खेळाडूच्या बोटांना लागून हुकला. इथली म्हातारी माणसं अजून त्या पासबद्दल बोलतात.

बाहेरून आणलेला वेग आणि घरचं वजन, ही विभागणी पुढेही टिकली. 1994 च्या विजेत्या संघात क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझर फ्लोरिडाचा, पण पुढच्या रांगेतले पाचातले तिघे फ्रीमाँट, लिंकन आणि हेस्टिंग्ज या इथल्याच गावांचे. याचा अर्थ इथे जलद पळणारे जन्मत नाहीत असा घेऊ नका. हाइसमन मिळवलेले जॉनी रॉजर्स (1972) आणि एरिक क्राउच (2001) दोघेही ओमाहाचे. पण वीस लाखांच्या राज्यात असे दरवर्षी किती निघणार? टेक्सासची लोकसंख्या आज तीन कोटींच्या वर आहे.

दक्षिणेकडच्या राज्यांत निव्वळ माणसं जास्त एवढंच कारण नाही. हवा उबदार, त्यामुळे वर्षभर मैदानावर पळता येतं. वसंत ऋतूतही शाळांचा फुटबॉल सराव चालतो. आणि काही ठिकाणी तर बाहेर पडण्याचा हाच एक रस्ता असतो. फ्लोरिडात ओकीचोबी तलावाच्या काठी बेल ग्लेड आणि पहोकी ही दोन गावं आहेत. काळी माती, चहूकडे ऊस, हाताला काम थोडं. ऊस तोडण्याआधी फड पेटवतात, तेव्हा आतले ससे बाहेर पळतात आणि गावची पोरं त्यांच्या मागे धावून ते हाताने पकडतात. आपल्याकडच्या ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. या दोन गावांतून फ्रेड टेलर, सँटोनियो होम्स, अँक्वान बोल्डिन असे व्यावसायिक फुटबॉल गाजवलेले खेळाडू निघाले. कॉलेजला टेलर फ्लोरिडा विद्यापीठात गेला, बोल्डिन फ्लोरिडा स्टेटला आणि होम्स थेट ओहायो स्टेटला. हजार मैलांवरच्या कॉलेजचा कोच त्या उसात का जातो, याचं उत्तर या नावांत आहे.

आता पैशाचं. संघाला पूर्ण शिष्यवृत्ती किती जणांना द्यायची यावर वरून मर्यादा होती: 1973 पासून 105, 1978 पासून 95, 1994 पासून 85. बाहेरच्या मुलाला आणायचं तर एक शिष्यवृत्ती खर्ची पडते. घरच्या मुलाचं तसं नाही. राज्यातल्या रहिवाशाला विद्यापीठाची फी बरीच कमी असते (तुमच्या भाचीला हा फरक चांगलाच जाणवला असेल!), त्यामुळे शेतकऱ्याचा मुलगा स्वतःची फी भरूनही संघात येऊ शकतो. अशा बिनशिष्यवृत्तीच्या मुलाला इथे 'वॉक-ऑन' म्हणतात. ऑस्बॉर्न स्वतः हेस्टिंग्जचे. त्यांनी अशा मुलांची फौजच उभी केली. शिष्यवृत्तीवाले आणि हे मिळून संघ शंभराच्या बराच वर जायचा. मुलगा आला की चार वर्षं वजन उचलायचं, सरावात मार खायचा, आणि टिकला तर शिष्यवृत्ती. यादीत ओशकोश किंवा ब्रेनर्ड असल्या गावाचं नाव दिसलं की तो बहुधा असाच आलेला असतो.

बाहेरचे नेमके कुठून येणार, हे कोच कुठे राबलेला आहे त्यावर ठरतं. शाळेचा कोच आपला मुलगा ओळखीच्या माणसाच्या हवाली करतो. सध्याचे कोच मॅट रूल इथे येण्याआधी फिलाडेल्फियात टेंपल विद्यापीठात आणि टेक्सासातल्या वेको गावी बेलर विद्यापीठात होते. त्यामुळे त्या बाजूची नावं दिसली तर नवल नाही. उलट 2011 मध्ये विद्यापीठाने बिग ट्वेल्व्ह ही स्पर्धा-साखळी सोडून बिग टेनचा रस्ता धरला आणि टेक्सासातले नेमाने होणारे सामने गेले. आई-बापांना मुलाचा खेळ घराजवळ बघता येण्याचं आमिषही त्याबरोबर गेलं. संघाची घसरण तिथूनच झाली असं इथे पुष्कळजण म्हणतात. माझ्या मते घसरण आधीच सुरू झाली होती, पण टेक्सास हातचं गेल्याने भर पडली हे खरं.

हा सगळा हिशेब नेब्रास्काचा आहे. प्रत्येक कॉलेजचा नकाशा असाच असेल असं नाही. युटाच्या संघांत सामोआ, टोंगा वंशाची बरीच मुलं दिसतील, कारण तिथल्या मॉर्मन चर्चचं त्या बेटांशी जुनं नातं आहे. लष्कर आणि नौदलाच्या अकादमींत प्रवेशच बहुतेक करून खासदारांच्या शिफारशीवर, त्यामुळे त्यांचे संघ देशभरातून येतात. आणि लांब लाथ मारणारा पंटर ऑस्ट्रेलियाचा निघाला तर दचकू नका. मेलबर्नमध्ये त्यासाठी तयारी करून घेणारी प्रोकिक ऑस्ट्रेलिया नावाची संस्थाच आहे.

यादी वाचताना आणखी दोन रकाने बघा. गाव एक आणि शाळा भलतीकडची असं असेल, विशेषतः शाळेपुढे आयएमजी अकादमी लिहिलं असेल, तर ती फ्लोरिडातली निवासी क्रीडाशाळा आहे. तिथे सगळीकडची मुलं येऊन राहतात. आणि आधीच्या कॉलेजचं नाव असेल तर तो मुलगा बदली होऊन आलाय. 2018 मध्ये त्यासाठी 'ट्रान्सफर पोर्टल' सुरू झालं, 2021 पासून एक वर्ष बाहेर न बसता खेळायची मुभा मिळाली, त्याच वर्षी खेळाडूंना जाहिरातीतून पैसे कमावणंही खुलं झालं. तेव्हापासून गावाच्या रकान्यापेक्षा हा रकाना जास्त बोलका झालाय. 2025 पासून शिष्यवृत्त्यांवरची जुनी मर्यादा गेली, पण खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या व्यवस्थेत गेलेल्या कॉलेजांना एकूण संघच 105 जणांत बसवावा लागतो. त्यात सर्वात आधी जागा गेली ती खेड्यांतून आलेल्या वॉक-ऑन मुलांची. भाचीला म्हणावं, जमलं तर पाच-दहा वर्षांपूर्वीची एखादी यादी शोध आणि यंदाची तिच्या शेजारी ठेवून बघ; नेब्रास्कातली गावं मोजताना फरक कळेल.