पहिल्या दिवशी दंड नाही, कंबर वापर

भाऊ, धडगावकडून नर्मदेच्या बॅकवॉटरला कयाक (लांबट, अरुंद होडी) वल्हवायला पहिल्यांदाच येतोयस, तर दंडाच्या ताकदीची काळजी सोड. नवखे सकाळच्या शांत पाण्यात जोर लावतात आणि जेवणापर्यंत खांदे धरून बसतात. वल्हं आवळू नकोस, कंबरेतून वळ.

एवढं सांभाळ:
- लाइफ जॅकेट अंगात, बकल लावून. पट्टीचा पोहणारा असलास तरी!
- जड सामान तळाशी, मधोमध. कोरडे कपडे ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. दशम्या नि शेंगदाण्याची चटणी मात्र हाताशी.
- सगळ्यात हळू जो, त्याच्या वेगाने सगळे. हाकेच्या टप्प्यातच राहा.

खरी गंमत खुंटांची. हे बॅकवॉटर सरदार सरोवर धरणाचं; ते पूर्ण भरलं की पातळी समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटर, पण पाणी उतरलं की बुडालेली झाडं पृष्ठभागाच्या जरा खाली येतात, दिसत नाहीत. तिथे हळू. अडकलास तर उभा राहू नकोस, मागे वल्हव. वारा उठला की मधूनच पैलतीर गाठायचा मोह टाळ, काठ धरून चल. तंबू उंचावर लाव, धरणाचं पाणी रात्रीतून चढू शकतं.

निघण्याआधी उथळ पाण्यात कयाक मुद्दाम उलटवून बाहेर पडून बघ. रोल (उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करणं) वगैरे पुढच्या खेपेला.