पार्टनरचा घटस्फोट झालेला नाही पण बाळ माझं आहे, कायद्याने बाप म्हणून माझं नाव कसं लागेल?

तुम्ही लिहिलंय की तुमची पार्टनर तीन वर्षांपासून नवऱ्यापासून वेगळी राहते, नवरा नाशिकला, तुम्ही दोघं पुण्यात, घटस्फोटाचा अर्ज अजून कुणीच टाकलेला नाही, तिला आता पाचवा महिना चालू आहे आणि डीएनए टेस्ट करून बर्थ सर्टिफिकेटवर तुमचं नाव लावता येईल का असा प्रश्न आहे. मी फॅमिली कोर्टात वकिली करते, हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो आणि जवळजवळ नेहमी बाळ झाल्यावर येतो. तुम्ही आधी विचारलंत हे फार बरं केलंत, कारण तुमच्या हातात अजून चारेक महिने आहेत आणि ते लॅब शोधण्यात घालवू नका एवढं आधी सांगते. नुसत्या डीएनएच्या जोरावर नाव लागत नाही.

कारण असं आहे. पूर्वी एव्हिडन्स ॲक्ट १८७२ चं कलम ११२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६ आलं, मजकूर तोच. लग्न कायदेशीर चालू असताना बाई बाळंत झाली तर बाळ नवऱ्याचंच, आणि लग्न संपल्यापासून २८० दिवसांच्या आत झालं आणि तोवर तिने दुसरं लग्न केलं नसेल तरी ते आधीच्या नवऱ्याचंच. याला कायदा निर्णायक पुरावा म्हणतो. हे मोडायला एकच वाट आहे, गर्भ राहिला त्या काळात नवरा-बायकोचा एकमेकांशी संपर्क होऊच शकत नव्हता हे दाखवायचं, आम्ही त्याला नॉन-ॲक्सेस म्हणतो. आमच्यात संबंध नव्हते एवढं म्हणून भागत नाही, भेटायची संधीच नव्हती हे दाखवावं लागतं. तुमच्या केसमध्ये अडचण इथेच आहे बघा, नाशिक-पुणे हा काही तासांचा रस्ता, समोरच्या वकिलाने नुसतं विचारलं की एखाद्या शनिवारी-रविवारी भेट झाली नसेल कशावरून, तर तुम्ही काय उत्तर देणार. नवरा परदेशात असता, जेलमध्ये असता तर गोष्ट वेगळी होती.

कोर्टं डीएनएबद्दल किती हात आखडून असतात ते बघा. १९९३ च्या गौतम कुंडू केसमध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ब्लड टेस्टचा आदेश मागितला म्हणून द्यायचा नसतो. पुण्याची एक केस वर गेली होती, नवऱ्याने धाकट्या मुलाची प्रायव्हेट टेस्ट आधीच करून घेतली होती, फॅमिली कोर्ट आणि हायकोर्ट दोघांनी कोर्टामार्फत टेस्ट करायला हो म्हटलं, पण २० फेब्रुवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला, मोठ्या माणसांच्या भांडणात पोराला मधे ओढू नका हा त्यामागचा विचार. आणि तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळची आहे कोचीनची केस, निकाल २८ जानेवारी २०२५. तिथे मुलगा मोठा झालेला, आई आणि मुलगा दोघंही सांगत होते की खरा बाप दुसरा आहे, कॉर्पोरेशनच्या रजिस्टरमध्ये नाव बदलून हवं होतं, पुढे त्या माणसाकडून पोटगीही मागितली. सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं. जन्माच्या वेळी आईचं तिच्या नवऱ्याशी लग्न चालू होतं, दोघं एकत्र राहत होते, मग दुसऱ्या कुणाशी संबंध असले तरी नवऱ्याचा ॲक्सेस काही संपत नाही, त्यामुळे कायद्याने बाप नवराच.

उलट बाजूचे निकालही आहेत, तेही सांगायला हवेत. ६ जानेवारी २०१४ ला नंदलाल बडवाईक केसमध्ये, जी आपल्या विदर्भातली, डीएनए रिपोर्टने नवरा बाप नाही हे दाखवलं, पहिल्या रिपोर्टवर शंका घेतली म्हणून हैदराबादला परत टेस्ट झाली, तीही तशीच आली, आणि सुप्रीम कोर्टाने म्हटलं की विज्ञान आणि कायद्याचं गृहीतक यात भांडण असेल तर विज्ञान ऐकायचं. पण टेस्ट आधीच होऊन रिपोर्ट रेकॉर्डवर आलेला होता म्हणून ते झालं. नारायणदत्त तिवारींची केस सगळ्यांना आठवते, तिथेही आईचं लग्न दुसऱ्याशी होतं, पण कोर्टात गेला होता तो मोठा झालेला मुलगा स्वतः, आपला बाप कोण हे मला कळू दे म्हणून, दिल्ली हायकोर्टाने टेस्ट करायला लावली आणि जुलै २०१२ मध्ये रिपोर्ट उघडला. तुम्ही बाळाच्या वतीने नाही तर स्वतःचा हक्क सांगत बाहेरून येणार, आणि नवऱ्याने विरोध केला तर तुमची जागा या सगळ्यांत सगळ्यात कच्ची आहे, हे मी गोड बोलून लपवणार नाही.

आता काय करायचं. ज्या कलमाने अडवलंय त्याच कलमात तुमची वाट आहे. कायदा बाळ कधी राहिलं हे न बघता जन्म कधी झाला ते बघतो. म्हणजे बाळ व्हायच्या आधी तिचा घटस्फोट झाला आणि तुमचं दोघांचं रीतसर लग्न झालं, तर जन्माच्या वेळी चालू असलेलं लग्न तुमचं, गृहीतक तुमच्या बाजूने, डीएनएची गरजच नाही. म्हणून सगळा जोर इथे लावा. परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज, हिंदू विवाह कायद्याचं कलम १३बी, त्याला एक वर्ष वेगळं राहिल्याची अट आहे ती तुमच्याकडे पूर्ण आहे. पुढचा सहा महिन्यांचा थांबण्याचा काळ २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाप्रमाणे कोर्ट माफ करू शकतं, पण दीड वर्ष वेगळं राहणं, समेटाचे प्रयत्न संपलेले असणं, पोटगी वगैरेचं सगळं मिटलेलं असणं हे दाखवावं लागतं. मग घटस्फोटानंतर लगेच बोहल्यावर चढायचं की अपिलाचे ९० दिवस थांबायचं हा त्याच कायद्याच्या कलम १५ चा प्रश्न येतो, हा तुमच्या वकिलाकडून डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, हातात घेऊन तपासून घ्या, अंदाजाने काही करू नका. स्पेशल मॅरेज ॲक्टने करणार असाल तर ३० दिवसांची नोटीस धरा. चार महिन्यांत हे बसणं कठीण आहे, अशक्य नाही, पण या आठवड्यात सुरुवात केली तरच.

आणि अर्जात ती गरोदर आहे हे लिहा. लपवू नका, कृपा करून. डिक्री फसवून घेतली असं उद्या कुणी म्हटलं तर घटस्फोट, तुमचं लग्न आणि बाळाचं नाव तिन्ही एकदम हलतील. तसंच घटस्फोटाआधी आळंदीला जाऊन हार घालून यायचा सल्ला कुणीतरी देईल, देतातच, तो ऐकू नका, ते लग्न बेकायदेशीर आणि वर भारतीय न्याय संहितेचं कलम ८२, म्हणजे पहिलं लग्न चालू असताना दुसरं केल्याचा गुन्हा, तिच्यावर येतं.

वेळेत नाही जमलं तर बाळ कायद्याने नाशिकच्या नवऱ्याचं म्हणून जन्माला येईल. मग फॅमिली कोर्टात डिक्लेरेशनचा दावा, म्हणजे बाप कोण ते कोर्टाने जाहीर करावं असा, त्यात त्याला आणि बाळाला पार्टी करावं लागेल, आणि पुरावा लागेल वेगळं राहिल्याचा, ज्या महिन्यांत गर्भ राहिला त्या महिन्यांचा नेमका. भाडेकरार, दोघांच्या ऑफिसची हजेरी, बँक स्टेटमेंट, घरमालक आणि शेजारी साक्षीला, वेगळं होताना दिलेल्या नोटिसा. हे आजपासून एका फाईलमध्ये लावायला घ्या. नवरा स्वतः कोर्टात येऊन सांगत असेल की इतक्या तारखेपासून आम्ही भेटलेलोच नाही आणि टेस्टला माझी हरकत नाही, तर केसचा रंगच बदलतो. म्हणून माझं मत असं की आधी त्याच्याशी बोला, तुम्ही नाही, तिने, किंवा दोन्हीकडच्या एखाद्या समजदार माणसाने. त्यालाही दुसऱ्याच्या मुलाची जबाबदारी आयुष्यभर कागदावर नको असणार. त्याच्याशी भांडण उकरून काढलंत तर तो फक्त गप्प बसून तुमची वाट अडवू शकतो.

हॉस्पिटलच्या फॉर्मचं एक. डिलिव्हरीच्या गडबडीत सही करणाऱ्या माणसाचं नाव बापाच्या रकान्यात जातं आणि लोकांना वाटतं काम झालं. एका क्लायंटचं असंच झालं होतं, पुढे नवऱ्याच्या घरच्यांनी आक्षेप घेतला आणि पोराचा दाखलाच वादात सापडला. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळा, पासपोर्ट, आधार, सगळीकडे जन्मदाखला हाच मुख्य पुरावा आहे, तो डळमळीत ठेवू नका. फॉर्म कसा भरायचा ते डिलिव्हरीआधी वकिलाकडून लिहून घ्या, नोंद २१ दिवसांत कराच, नंतरची दुरुस्ती जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली होते पण बापाचं नाव रजिस्ट्रार कोर्टाच्या आदेशाशिवाय सहसा हलवत नाही. आपल्याकडे १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आधी आईचं नाव लागतं ते चांगलंच आहे, पण बापाचा रकाना त्याने सुटत नाही. आणि बापाचं नाव न लावता दाखला मिळतो असं जे कुणी सांगतंय तो २०१५ चा निकाल अविवाहित आईबद्दलचा आहे.

शेवटचं, आणि हे दावा-बिवा काहीही होवो, आत्ता करायचं. समजा तुम्ही दावा जिंकलात, नवरा बाप नाही असं ठरलं पण तेव्हा तुमचं तिच्याशी लग्न झालेलं नव्हतं, तर हिंदू वारसा कायद्यात असं मूल आईकडून वारसा घेतं, तुमच्याकडून आपोआप नाही. लग्नाविना झालेल्या मुलाला पोटगी मिळते (आता बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १४४), मिळकत नाही. म्हणून तुमच्या स्वकष्टाच्या मिळकतीचं मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार, त्यात बाळाचा उल्लेख तिच्या पोटी या साली जन्मलेलं मूल असा स्पष्ट, म्हणजे बाप कोण या वादावर ते अडकणार नाही. रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण करा. पीएफ आणि इन्शुरन्सचं नॉमिनेशन त्याच आठवड्यात बघून घ्या, पीएफमध्ये कुटुंब कुणाला म्हणायचं याचे स्वतःचे नियम आहेत, ऑफिसच्या एचआरला लेखी विचारा.