मॅलॉकने दिलेला व्हॉइड पॉइंटर कास्ट करावा का?

नाशिकच्या कॉलेजातल्या प्रोजेक्टसाठी लासलगावच्या कांदा लिलावातल्या लॉटांची वजनं मॅलॉकने (प्रोग्रॅम चालू असताना मेमरी मागून देणाऱ्या फंक्शनने) घेतलेल्या अ‍ॅरेत ठेवताय आणि सर म्हणतात कास्ट लावा, म्हणजे पॉइंटरचा टाइप स्वतः लिहून बदला, मित्र म्हणतो नको, असा तुमचा प्रश्न आहे.

सी मध्ये कास्ट नको. १९८९च्या अ‍ॅन्सी स्टँडर्डपासून (सी भाषेच्या अधिकृत नियमांपासून) व्हॉइड पॉइंटर, म्हणजे टाइप न ठरलेला मेमरीचा पत्ता, दुसऱ्या कुठल्याही डेटा पॉइंटरमध्ये आपोआप बदलतो. सी प्लस प्लसमध्ये मात्र कास्ट लागतोच. लॅबमधल्या टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये फाइल बहुधा सीपीपी नावाने सेव्ह होते आणि ती सी प्लस प्लस समजली जाते, म्हणून तिथे एरर येते. सरांचा आग्रह बहुतेक त्यातूनच आला असावा.

माझ्या मते कास्टपेक्षा साइझऑफकडे, म्हणजे एका घटकाला किती बाइट लागतात ते सांगणाऱ्या ऑपरेटरकडे, जास्त लक्ष द्या. 'साइझऑफ इंट' असं टाइपचं नाव लिहू नका, 'साइझऑफ स्टार वजन' लिहा; इथे वजन हे तुमच्या पॉइंटरचं नाव. उद्या वजनं इंटऐवजी डबलमध्ये घ्यायची ठरली, तर फक्त डिक्लेरेशन बदलेल. टाइपचं नाव तिथे तसंच राहिलं तर बहुतेक मशीनवर निम्मीच जागा मिळते, कंपायलर सहसा काही बोलत नाही आणि पुढचं लिखाण दुसऱ्याच्या मेमरीत घुसतं. हा बग शोधताना खरंच जीव मेटाकुटीला येतो.

व्हॉइड पॉइंटरला फक्त पत्ता माहीत असतो, तिथल्या मालाचा आकार नाही. म्हणून त्यावर थेट स्टार लावून तिथली किंमत वाचता येत नाही. एक मिळवणंही स्टँडर्डमध्ये बसत नाही. जीसीसी हा कंपायलर ते एक बाइट धरून चालवून घेतो, पण त्यावर विसंबू नका.

लॉट वाढले की रिअ‍ॅलॉकचं (घेतलेली मेमरी वाढवून देणाऱ्या फंक्शनचं) उत्तर आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्या. नल आलं, म्हणजे जागा मिळाली नाही, तर जुना पत्ता हातात राहतो आणि तो फ्री करता येतो.