आधी त्यांना वेळ विचार

प्रिय पोरी,

काल तू गेल्यावर तुझी पीपीटी परत उघडली, टांझानियाला जाऊन तिथल्या बायांना शिकवायला केलेली, बेचाळीस स्लाइड. चहा अर्धा टाकून उठून गेलीस, मी थांबवलं नाही कारण मला राग येऊन राहिला होता आणि तो तुझ्यावर निघाला असता, खरं तर तो माझ्यावरचाच जुना राग आहे. म्हणून आता रात्री बसून लिहून राहिली.

"मावशी, मी कोण त्यांना शिकवणारी?" असं विचारलंस. प्रश्न खोटा नाही, पण त्यातच फिरत बसू नको, त्यात पण सगळं "मी, मी" आहे. माझा प्रश्न साधा आहे. तुझ्या पहिल्याच स्लाइडवर लिहिलंय सेशन दहा ते एक. कोणाला विचारून लिहिलंस? टांझानियातल्या त्या बायांना वेळ कधी असतो, हे एकीला तरी विचारलंस का?

मी नव्हतं विचारलं. 2014 ला मी सहा आठवडे मोशीजवळ होते, किलिमांजारोच्या पायथ्याशी, चहूकडे केळीच्या बागा. जायच्या आधी हट्टानं स्वाहिली आकडे पाठ केले होते. पहिल्या मीटिंगचा निरोप मीच दिला, "साआ ताटू", म्हणजे तीन वाजता. दुपारी अडीचला चार्ट पेपर घेऊन पोचले तर ओसरीवर कोणीच नाही, केळीची सालं पडलेली आणि लहान पोराची एक चप्पल. तिथं घड्याळ दिवस उजाडल्यापासून मोजतात गं, सकाळी सात म्हणजे पहिला तास, म्हणून साआ ताटू म्हणजे सकाळचे नऊ. बाया नऊला आल्या, अकरापर्यंत बसल्या, बाजाराचा दिवस बुडवून, पोरं कडेवर घेऊन. आणि गेल्या.

खूप वर्षं मी हे सांगताना भाषेची चूक म्हणून सांगायची. भाषेची नव्हतीच ती. वेळ मी ठरवली होती. "तुम्हाला कधी जमतं?" एवढं विचारलं असतं तर त्यांनीच तास सांगितला असता आणि घोळ झालाच नसता.

वेळ विचार. बाईला वेळ विचारला की तिचं अख्खं घर बोलायला लागतं, पाणी कोण भरतं, परवानगी कोणाची लागते, पैसा कोणाच्या हातात आहे, सासू केव्हा झोपते. तुझ्या बेचाळीस स्लाइडमध्ये जे "आयडेंटिफाय युवर चॅलेंजेस" आहे ना, ते सगळं या एका प्रश्नात येतं.

आणि हे फक्त आफ्रिकेचं नाही. इथं नागपुरात, पाचपावलीत, आम्ही वर्कशॉप ठेवलं सकाळी अकराला, कारण फंड देणाऱ्यांना तेव्हा बघायला यायचं होतं. अकराला धुणीभांडी करणाऱ्या बाया दुसऱ्यांच्या घरी असतात, त्यांना मोकळं मिळतं ते दोन ते चार. आल्या फक्त म्हाताऱ्या. मी भांडले, पुढच्या वेळी परत भांडले, शेवटी ते काम माझ्या हातून गेलं. लोक म्हणतात मी अडून बसते, माझं कोणाशी पटत नाही. म्हणू दे. त्या मुद्द्यावर आजही तेवढीच भांडेन, आणि माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. जुलै 1942 ला याच नागपुरात दलित महिला परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, हजारो बाया आल्या होत्या. त्यांच्या ठरावांत घटस्फोटाचा हक्क होता, आणि गिरणीत, विडी कारखान्यात राबणाऱ्या बायांसाठी रजेची मागणी पण होती. रजा म्हणजे काय, वेळच ना?

आता जे मी कोणाला फारसं सांगत नाही ते. मोशीला एक पोरगी रोज यायची, सोळाची असेल, सगळ्यात पुढे बसायची, रोज दहाच्या ठोक्याला हजर. मला वाटायचं माझ्या सेशनची कमाल आहे. तीन वेळा तरी मी तिच्याकडे बघून सांगितलं असेल, काही झालं तरी शाळा सोडायची नाही. चौथ्या आठवड्यात कळलं, दिवस गेले म्हणून शाळेनंच तिला काढलं होतं, तेव्हा तिथं तसंच चालायचं. कामाच्या दिवशी सकाळी दहाला सोळा वर्षांच्या पोरीला वेळ कसा काय आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही! ती मात्र शेवटपर्यंत येत राहिली आणि मला एका शब्दानं बोलली नाही.

नोव्हेंबर 2021 मध्ये तिथल्या सरकारनं बाळंतपणानंतर पोरींना शाळेत परत घ्यायचं ठरवलं, ती बातमी मी बर्डीवर ऑटोत बसून वाचली. ती तेव्हा तेवीसची झाली असेल.

तर जायचं असेल तर असं जा. तिथं बायांचे बचत गट असतात, विकोबा म्हणतात, आपल्यासारखेच. मी बघितलेल्या गटात पैशाच्या पेटीला तीन कुलपं होती आणि किल्ल्या तिघींकडे, तिघी आल्याशिवाय पेटी उघडत नव्हती. त्या बैठकीचा तास त्यांनी स्वतः काढून ठेवलेला असतो. पहिले दोन आठवडे तिथं मागे बसून राहा, काही शिकवू नको, मग त्यांनाच विचार की याच बैठकीत अर्धा तास मला द्याल का. नाही म्हणाल्या तर नाही. बोलायला तिथलीच बाई पुढे ठेव आणि तिला तिच्या वेळेचे पैसे दे, तू चार्ट धर. तुला "दादा" म्हणतील, दचकू नको, तिथं दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. पोरं असलेल्या बायांना पोराच्या नावानं हाक मारतात, मामा अमुक, आपल्या अमक्याच्या आईसारखं. ती नावं पहिल्याच दिवशी पाठ कर.

व्हिसाचं पण बघ. तुला तिथं बोलावणारी संस्था म्हणते टुरिस्ट व्हिसावर ये, पण त्यावर तिथं व्हॉलंटिअरचं काम चालत नाही, वेगळा परवाना लागतो. त्यांच्याकडून लेखी घे.

आणि आजच त्यांना मेल टाक की दहा ते एक ही वेळ कोणी ठरवली, गटातल्या कोणत्या बाईला विचारून. गोलमोल उत्तर आलं तर पैसे भरू नको, मग आपण दुसरी जागा शोधू, मी आहे. उत्तर आलं की मला फॉरवर्ड कर.

तुझी,
मावशी